जुने दुखणे आणि अपघाताचा विमा

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर मोठ्या विद्वानांनी मोठे विषय मांडले. कार्यवाहांनी आम्हांला बोलावले तेव्हा एवढेच सांगितले की, तुम्ही बँकेत आहात, लोकांच्या उपयोगी पडेल असे काही बोला. म्हणून विषय रूक्ष निवडला आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, वकील नव्हे आणि डॉक्टर तर नव्हेच. परंतु काउंटरच्या अलीकडे बसून वीस वर्षांहून अधिक काळ लोकांचे अर्ज भरून घेत आहोत. २०१५ साली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आली तेव्हापासून अपघाती मृत्यूचे आणि अपंगत्वाचे दावेही बँकेच्याच काउंटरवर येऊ लागले. अर्ज घेऊन आलेली बाई किंवा तिचा मुलगा सर्व रकाने भरून होतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "साहेब, त्यांना बी.पी. होतं. ते लिहायचं का?"

आजचे सर्व भाषण म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. विचारले असेल तेथे लिहावयाचे, आणि डॉक्टरांना व पोलिसांना तर सांगावयाचेच. जुना आजार असल्याने दावा बुडत नाही. जुना आजार लपविल्याने, किंवा तो आणि अपघात यांतील फरक दाखविणारा कागद नसल्याने दावा बुडतो.

आपल्या वस्त्यांतून या बाबतीत दोन समज घट्ट बसलेले आहेत. पहिला असा की, ज्याला साखर, दमा, फिट किंवा हृदयाचा आजार आहे त्याला विमा मिळतच नाही, तेव्हा खेपा कशाला घालावयाच्या? दुसरा त्याच्या उलट. आजाराचा शब्दही काढू नये, जुने केसपेपर जाळून टाकावेत. पहिल्या समजापायी हक्काचे पैसे मागितलेच जात नाहीत आणि दुसऱ्यापायी मागितलेले हातचे जातात.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अपघाताचे पैसे एकाच दारातून येत नाहीत. इंदापूर-बारामती रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीने मोटारसायकलला धडक दिली, तर ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडून मागावयाची ती नुकसानभरपाई, आणि ती कायद्याने मिळते. स्वतःच्या नावावर काढलेली अपघात पॉलिसी हा करार आहे. त्यात जे शब्द छापले असतील त्यांवर ती चालते. कारखान्यात किंवा एम.आय.डी.सी.त कामावर असताना दुखापत झाली तर मालकाकडून मिळणारी भरपाई हे तिसरे दार. शासनाच्या सानुग्रह योजना चौथे. एकाच माणसाचे एकच जुने दुखणे या चार दारांशी चार तऱ्हांनी वागविले जाते. लोक हे सर्व एकत्र कालवतात आणि शेजारच्याचा दावा का नाकारला गेला यावरून आपला दावा ठरवितात.

पहिल्या दाराचे पाहू. समजा, निमगाव केतकीकडची अठ्ठेचाळीस वर्षांची एक भगिनी खुरपणीला जाते. महिन्याची मिळकत नऊ हजार. मोटारसायकलवर मागे बसून जाताना ट्रॉलीचा धक्का लागून ती पडली आणि गुडघा मोडला. आता खुरपायला बसता येत नाही. न्यायाधिकरणात दावा लागला की विमा कंपनीचे वकील एक्स-रे पुढे करतात आणि म्हणतात, हा गुडघा आधीच झिजलेला आहे, अपघाताने काय झाले? चाळिशीनंतर उकिडवे बसून काम करणाऱ्या कोणत्या बाईचा गुडघा झिजलेला नसतो, असे आमच्या मनात येते. परंतु मनात येऊन चालत नाही, ते कागदावर आणावे लागते.

हिशेब कसा होतो ते सांगतो, म्हणजे प्रश्न केवढ्याचा आहे हे कळेल. वर्षाची मिळकत १,०८,०००. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घालून दिलेल्या तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक १३. अपघातामुळे तिची कमाईची शक्ती वीस टक्के घटली असे ठरले, तर वर्षाला २१,६०० आणि त्याचे तेरापट, म्हणजे २,८०,८०० रुपये. कंपनीचे म्हणणे मान्य होऊन यातले निम्मे दुखणे जुनेच होते असे ठरले, तर हीच रक्कम १,४०,४०० वर येते. उपचाराचा खर्च, वेदनांची भरपाई, पुढील मिळकतवाढ हे सर्व वेगळे. एका जुन्या एक्स-रेवर १,४०,४०० रुपयांचा फरक पडतो!

कायदा याबाबत काय म्हणतो? न्यायालयांनी शतकापूर्वीच एक तत्त्व स्वीकारले आहे. ज्याने इजा केली त्याने समोरचा माणूस जसा आहे तसा धरावा. तो धडधाकट असता तर एवढे झाले नसते, ही सबब चालत नाही. इंग्लंडमधील एक प्रसिद्ध खटला आहे. एका कारखान्यात १९५० साली वितळलेल्या धातूचा थेंब उडून एका कामगाराचा ओठ भाजला. जखम लहानशी होती. पण त्या जागी पेशींमध्ये आधीपासूनच कर्करोगाकडे झुकणारा बदल होता. भाजल्यामुळे तो उफाळला आणि तीन वर्षांनी तो कामगार वारला. मालकाने म्हटले, ओठ भाजण्यातून मृत्यू होईल हे आम्हांला कसे कळणार? न्यायालयाने ते ऐकले नाही आणि त्याच्या पत्नीला भरपाई दिली. मात्र अशा प्रकरणात रक्कम ठरविताना, अपघात झाला नसता तरी हा आजार पुढे बळावला असता काय, याचा विचार होतो. हे दोन्ही एकदम ध्यानात धरावे लागते. अपघाताने जेवढे वाढविले तेवढ्याचे पैसे मिळतात. जेवढे आधीच होते त्याचे मिळत नाहीत. पण जे आधी असूनही माणसाला कामापासून अडवीत नव्हते आणि धडकेनंतर ज्याने त्याला खाटेवर टाकले, ते "जुनेच" म्हणून बाजूला सारता येत नाही.

म्हणून त्या भगिनीने सिद्ध काय करावयाचे? गुडघा झिजला नव्हता हे नव्हे. ते खोटे ठरेल आणि मग बाकी साक्षही संशयात पडेल. अपघाताच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती रोज खुरपणीला जात होती हे सिद्ध करावयाचे. मजुरीची हजेरी, मुकादमाची किंवा शेतमालकाची साक्ष, बचत गटाच्या वहीत दर महिन्याला भरलेला हप्ता, बँकेच्या पासबुकातील जमा. आम्ही पासबुक नियमित भरून घ्या असे सांगतो तेव्हा लोकांना तो बँकवाल्यांचा त्रास वाटतो. पण आधी कमावत होती आणि नंतर कमावणे थांबले, हे पासबुकाइतके स्वच्छ दुसरा कागद क्वचितच दाखवितो. शिवाय अपंगत्वाचा नुसता दाखला पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात स्पष्ट केले की, अवयवाचे अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे कमाई किती टक्के बुडाली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची आहे. जुने किती आणि नवे किती हे सांगू शकणारा माणूस डॉक्टरच.

आता कामावरील अपघात. यात आपल्याच राज्यातील एक निकाल फार महत्त्वाचा आहे आणि विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा असे सुचवितो. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी रात्रपाळीवर असताना छातीत दुखू लागून वारला. शवविच्छेदनात हृदयविकार जुना असल्याचे दिसले. ट्रस्टचे म्हणणे, हा आजाराने मेला, आमचा काय संबंध? मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या पीठापुढे हे प्रकरण आले. १९५४ च्या विधी-अहवालात तो निकाल छापलेला आहे. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा की, मृत्यूला आजार कारण असला तरी कामाच्या श्रमाने त्यात भर घातली असेल, मृत्यू लवकर ओढवला असेल, तर मालक जबाबदार राहतो. रोगी माणूस कामावर ठेवला म्हणून त्याच्या श्रमाची किंमत शून्य होत नाही.

पण त्याच निकालाच्या आधारे सर्वच दावे मान्य होतात असे समजू नये. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहनावरील एका क्लीनरच्या आईचा दावा अमान्य केला. मुलगा हृदयविकाराने गेला होता, पण त्या दिवशी कामाचा ताण काय व किती पडला याचा पुरावाच नव्हता. उलट २०१२ च्या अखेरीस त्याच न्यायालयाने एका ट्रकचालकाच्या वारसाला भरपाई दिली. तो दिल्लीहून हजारावर किलोमीटर ट्रक हाकीत गेला, अस्वस्थ वाटू लागल्यावर गाडी कडेला लावली आणि कोसळला. तेवढे अंतर हाच ताणाचा पुरावा. दोघांचे हृदय बंद पडले; एकाच्या बाबतीत कामाचे मोजमाप पुढे आले, दुसऱ्याच्या बाबतीत आले नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या हंगामात जे बांधव सलग पाळ्या करतात, त्यांच्या घरच्यांनी पाळीची नोंद, ओव्हरटाइमची पावती, गेटपास जपून ठेवणे का आवश्यक आहे ते यावरून कळेल. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण इजा कामातून उद्भवली काय, हा मूळ प्रश्न तोच राहिला आहे.

आता स्वतःच्या पॉलिसीकडे, म्हणजे दुसऱ्या दाराकडे वळतो. येथे हवा बदलते. येथे कोणाची चूक नाही, कोणी दोषी नाही. फक्त छापलेले शब्द आहेत. अपघात पॉलिसीत साधारणपणे असे असते की, बाह्य, हिंसक आणि दृश्य कारणाने झालेल्या इजेमुळेच, आणि अन्य कशामुळे नव्हे, मृत्यू किंवा अपंगत्व आले पाहिजे. 'मुळेच' यातील 'च' वर सारा कारभार आहे. आम्ही मराठी घेऊन बी.ए. झालो, पण एका 'च'ची किंमत आम्हांला बँकेत कळली.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणाचा निकाल दिला. एक गृहस्थ मोटारसायकलवर असताना छातीत आणि खांद्यात दुखू लागले, ते गाडीवरून पडले आणि वारले. आयुर्विम्याची मूळ रक्कम मिळाली; अपघाताची जादा रक्कम नाकारली गेली आणि न्यायालयाने ती नकार कायम ठेवली. कारण पडल्यामुळे झालेल्या इजेने मृत्यू आला असा पुरावा नव्हता. हृदयविकाराने आला असा होता. गाडीवरून पडणे दिसावयास अपघात, पण मारले कोणी? हृदयाने.

याच्याशेजारी दीडशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडमधील दोन निकाल ठेवून पाहावेत. १८८० सालच्या निकालातील माणूस ओढा चालत ओलांडीत असता त्याला फिट आली आणि तो बुडाला. १८८१ च्या निकालातील माणूस रेल्वेच्या फलाटावर फिट येऊन रुळांवर पडला व गाडीखाली सापडला. दोन्ही विमा कंपन्यांनी फिटच्या आजाराकडे बोट दाखविले. दोन्ही वेळा न्यायालयाने सांगितले की, फिटने तो पडला. मेला पाण्याने आणि गाडीने. शेवटचा घाव कोणाचा ते पाहावयाचे. पैसे द्यावे लागले.

आता हे आपल्या मुलखात आणून पाहा. नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून वाहतो. गावोगावी विहिरी, शेततळी, खाली उजनीचे पाणी. २१ मे २०२४ रोजी कळाशीजवळ उजनीच्या पाण्यात बोट उलटून सहा जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फिटचा आजार असलेला माणूस कालव्यावर मोटर चालू करावयास जातो आणि पाण्यात सापडतो. हे प्रकरण आजाराचे की अपघाताचे, हे फुप्फुसात पाणी होते की नव्हते यावर, म्हणजे शवविच्छेदनावर ठरते.

येथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्याकडे माणूस गेला की नातेवाईक हात जोडून म्हणतात, चिरफाड करू नका, आहे तसे द्या. दुःखात असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या काउंटरवर दोन वर्षांच्या अंतराने आलेली दोन प्रकरणे सांगतो. नावे आणि गावे सांगणार नाही. एकात वरीलप्रमाणे फिटचा रुग्ण कालव्यात सापडला. घरच्यांची नको-नको चालली होती, पण गावच्या पोलीस पाटलांनी ठाम राहून शवविच्छेदन करविले. अहवालात बुडून गुदमरल्याने मृत्यू असे आले. फिटचा आजार असल्याचे पत्नीने जबाबात स्वतः सांगितले होते. सुरक्षा विम्याचे दोन लाख रुपये तिच्या खात्यात जमा झाले आणि त्यांतून तिने पहिले काम केले ते मुलीची कॉलेजची फी भरण्याचे.

दुसरे प्रकरण मोटारसायकलवरून पडलेल्या, रक्तदाब असलेल्या एका बांधवाचे. पडल्यावर तो उठून घरी आला. डोके दुखते म्हणत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी घरीच गेला. दवाखाना नाही, पोलिसांत नोंद नाही, शवविच्छेदन नाही. तो डोक्याला मार लागून गेला असेल किंवा रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल. पहिले असते तर दोन लाख, दुसरे असते तर काही नाही. ते सांगू शकणारा एकमेव पुरावा त्याच दिवशी सायंकाळी चितेवर गेला. दावा नामंजूर होऊन आला, तो कागद त्याच्या आईच्या हातात आम्हीच दिला.

सुरक्षा विम्याविषयी थोडे. वय १८ ते ७०, खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. २०२२ च्या जूनपूर्वी ते १२ होते. अपघाती मृत्यूस दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेल्यास दोन लाख. एक डोळा किंवा एक हात किंवा पाय गेल्यास एक लाख. नाव नोंदविताना आजाराची विचारणा नाही, हे मुद्दाम सांगतो. मधुमेही, हृदयरोगी, कोणीही नोंदवू शकतो. रस्त्यावरील अपघात, बुडणे, गुन्हा यांत पोलिसांतील नोंद लागते. सर्पदंश, झाडावरून पडणे यांत दवाखान्यातील तत्काळ नोंद. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात वीस रुपये नसले तर विमा बंद पडतो. वीस रुपये नाहीत म्हणून दोन लाख गेलेली खाती आम्ही पाहिली आहेत, पण तो आजचा विषय नव्हे.

जुन्या अपंगत्वाची गोष्ट निराळी आहे. ज्याचा एक डोळा लहानपणीच देवी किंवा मोतीबिंदूने गेला, त्याचा दुसरा अपघातात गेला तर? १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या इजांच्या यादीत एक डोळा गेल्यास चाळीस टक्के असे होते, पण त्यापुढे शब्द होते की, दुसरा डोळा चांगला असताना. म्हणजे दुसरा आधीच गेलेला असेल तर हे चाळीस टक्के लागूच नाहीत; तो माणूस पूर्ण आंधळा झाला आणि दृष्टीचे कोणतेच काम करू शकत नाही, तेव्हा शंभर टक्के मागावयाचे. येथे जुने अपंगत्व दावा घटवीत नाही, वाढविते! मालकाकडे मागताना हा मुद्दा कोणी सांगत नाही. नुसत्या पॉलिसीत मात्र या अपघातात गेलेला एक डोळा मोजला जाण्याचा संभव अधिक. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे योजना २०२३ च्या एप्रिलपासून विमा कंपनीऐवजी शासनाच्या सानुग्रह अनुदानाने चालते. तिच्यात न बसणाऱ्या कारणांच्या यादीत नैसर्गिक मृत्यू, आधीचे अपंगत्व आणि शरीरांतर्गत रक्तस्राव हे शब्द आहेत. आधीचे अपंगत्व याचा अर्थ अपंग शेतकरी अपात्र, असा काढू नये. जुन्या अपंगत्वाचे पैसे मिळत नाहीत एवढाच तो घ्यावा. नवीन इजा असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज जरूर द्यावा.

आता अर्जातील रकान्यांविषयी. कर्ज घेताना त्याला जोडून विमा दिला जातो. वैद्यकीय विम्याच्या आणि मोठ्या रकमेच्या पॉलिसीच्या अर्जात पानभर प्रश्न असतात. मधुमेह आहे काय, रक्तदाब आहे काय, शस्त्रक्रिया झाली काय. प्रश्न इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे. एजंट किंवा कर्मचारी घाईत सर्वांपुढे 'नाही' अशी खूण करतो आणि आपण विचारतो, "सही कुठं करू?" ती खूण नंतर आपल्या सहीनिशी आपल्याविरुद्ध उभी राहते. विद्यार्थी मित्रहो, घरातील अशा अर्जावर सही होण्यापूर्वी तो वाचून दाखविणे हे तुमचे काम आहे. आई-वडिलांनी तुम्हांला शिकविले ते कशासाठी?

खरे लिहिल्याने काय होते याचे उदाहरण. एका गृहस्थांनी परदेशी जाण्यापूर्वी विमा काढताना आपल्याला मधुमेह आहे असे लिहिले होते. अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने दावा नाकारला. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आजार सांगितलेला असताना, तो जाणून पॉलिसी दिलेली असताना, आता त्याच आजाराच्या नावाने हात वर करता येणार नाहीत. २०१५ च्या एका निकालात तर न सांगितलेले कंबरेचे दुखणे हृदयविकाराने आलेल्या मृत्यूशी संबंधित नाही म्हणून दावा मान्य झाला. पण या दुसऱ्यावर भिस्त ठेवू नये. विचारलेले लपविणे गैर, असे सांगणारे निकालही आहेत. आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठी थांबावयाची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि पाच वर्षे सलग पॉलिसी चालल्यावर लबाडी सिद्ध झाल्याखेरीज जुन्या आजाराचा मुद्दा काढता येत नाही. २०२४ च्या एप्रिलपूर्वी या मुदती अधिक होत्या.

शेवटी ज्या एका वाक्यासाठी आम्ही एवढा वेळ घेतला ते सांगतो. आपल्या भाषेत एक सवयीचे वाक्य आहे, "चक्कर येऊन पडला." कोणी घसरून पडो, ट्रॉलीच्या धक्क्याने पडो, बैलाने ढकलून पडो, कोणी पाहिलेले असो वा नसो, दवाखान्यात नेणारा शेजारी डॉक्टरांना हेच सांगतो. उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टर ते जसेच्या तसे केसपेपरवर लिहितात. ते त्यांचे कर्तव्य आहे. खाली "रक्तदाबाचा जुना रुग्ण" अशी ओळ येते. त्या दोन ओळी एकत्र वाचणारा माणूस सहा महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसलेला असतो. त्याने ना ट्रॉली पाहिलेली असते, ना रस्त्यावरचा खड्डा. त्याला दिसते ते एवढेच की, आजाराने चक्कर आली, चक्करीने पडला, अपघात नाही.

म्हणून जखमीला घेऊन जाणाऱ्याने जे पाहिले तेवढेच सांगावे. पाहिले नसेल तर "पडलेला आढळला" असे सांगावे. धक्का पाहिला असेल तर वाहनासह सांगावे. रचून सांगू नये. पंचनामा आणि केसपेपर जुळले नाहीत की दोन्ही बाद. जुन्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना त्या सांगाव्यात, नाही तर उपचारच चुकेल. जखमी शुद्धीवर असेल तर त्याच्या तोंडचे शब्द लिहून घेण्याची विनंती करावी. आणि किरकोळ पडल्यासारखे वाटले तरी डोक्याला मार असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात नोंद करून घ्यावी. हे आम्ही विम्यासाठी सांगतो असे वाटेल. त्याने कदाचित माणूसही वाचेल.

मुदती थोडक्यात. सुरक्षा विम्याचा अर्ज शक्यतो तीस दिवसांच्या आत बँकेत द्यावा. मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्या मुदतीचा वाद वरच्या न्यायालयात गेलेला आहे, पण त्यावर विसंबून घरी बसू नये. अपघात परमुलखात झाला असला तरी आपण जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात दावा करता येतो. पॉलिसीचा दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात दाद न लागल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे जावे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाचा मार्ग त्याहून वेगळा, त्याला दोन वर्षे.

ज्यांच्याकडे नाकारलेले दावे पडून आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर विहारात यावे. आम्ही आणि मंडळातील दोन निवृत्त शिक्षक बसतो. येताना नाकारल्याचे पत्र, पहिला केसपेपर, पोलिसांची नोंद, असल्यास शवविच्छेदन अहवाल, पासबुक, आणि जुन्या आजाराचे कागद घेऊन यावे. जुन्या आजाराचे कागद घरी ठेवून येऊ नये. मूळ कागद आणावेत. पाहून लगेच परत दिले जातील.